अडाणी कोण, आजी की यंत्र?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या आजी हमखास आमच्या दारात उभ्या राहतात. हातात मुलाने घेऊन दिलेला मोबाईल. "पेन्शन जमा झाली का, तेवढे बघ रे बाळा." आजी रोज वर्तमानपत्र वाचतात, भिशीचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. घोडे अडते ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांपाशी. त्या दाबल्या की कामांची यादी उघडते, हे त्यांना कळावे तरी कसे? "आम्ही अडाणीच," म्हणून त्या हसतात. ते हसू मनाला लागते. आपल्याच खात्यातले पैसे त्यांना दुसऱ्याकडून जाणून घ्यावे लागतात.

पण अडाणी नेमके कोण? पूर्वी संगणकाला ठरावीक आज्ञा बिनचूक टाइप करून द्याव्या लागत. एक अक्षर चुकले की काम ठप्प. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी 'माउस' जाहीरपणे चालवून दाखवला. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 'आल्टो' संगणक तयार झाला. पडद्यावरच्या खिडक्या आणि चित्रे १९८४ च्या 'मॅकिंटॉश'ने सामान्यांच्या टेबलावर आणली. २००७ च्या 'आयफोन'नंतर तर नुसते बोट पुरू लागले. प्रत्येक पावलागणिक यंत्र माणसाकडे थोडे सरकले, पण आजींच्या दारापर्यंत काही पोचले नाही.

आता पुढचे पाऊल बोलण्याचे आहे. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारचा 'भाषिणी' उपक्रम २०२२ साली सुरू झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आलेल्या 'चॅटजीपीटी'ने तर साध्या वाक्यांत यंत्राशी संवाद साधता येतो, हे जगाला दाखवले. उद्या आजी मोबाईललाच विचारतील, "पेन्शन आली का रे?"

मात्र इथे एक मेख आहे. पडद्यावर निदान बटणे तरी दिसतात. नुसत्या आवाजात काय विचारता येते आणि काय नाही, हे दिसत नाही. शिवाय पुस्तकी मराठी कळणाऱ्या यंत्राला वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी कळेलच असे नाही. 'पाचशे'चे त्याने 'पाच हजार' ऐकले, तर भुर्दंड कोणी सोसायचा?

आपला वाणी काय करतो? "दोन किलो साखर ना?" असे विचारून मगच तराजू हाती घेतो. चुकले तर पुडा परत घेतो. यंत्रानेही एवढी रीत पाळावी. काय समजले ते सांगावे, पैशाला हात लावण्यापूर्वी होकार घ्यावा आणि चूक सुधारायची वाट मोकळी ठेवावी.

मग आजी आमच्या दारात येतील त्या पेन्शन विचारायला नव्हे, तर निवांत चहा प्यायला!