एक्स-रे साफ, तरी दाढेत सणक? तडकलेल्या दातांबद्दलचे गैरसमज

जुन्नर-आंबेगावात ऊस दातांनीच सोलायचा असतो. त्यात कधी भातातला खडा दाढेखाली येतो, कधी सुपारी फोडायला अडकित्ता हाताशी नसतो. मग एखादी दाढ तडकते, आणि तडा सापडता सापडत नाही.

गैरसमज : एक्स-रेत काही आलं नाही, म्हणजे दात ठणठणीत.
वस्तुस्थिती : दाढेतला तडा बहुधा पुढून मागे जातो, तर एक्स-रेचे किरण गालाकडून जिभेकडे. किरण तड्याला आडवे भेटल्यामुळे केसाएवढी फट फिल्मवर उमटत नाही. कीड आणि हाडाची झीज कळावी म्हणून एक्स-रे काढायचाच. पण तो साफ आला म्हणून तडा नाही, असं ठरत नाही.

गैरसमज : तडकलेला दात सतत ठणकतो.
वस्तुस्थिती : बऱ्याचदा तो एरवी गप्प असतो. भाकरीचा कडक पापुद्रा ठरावीक जागी चावला की सणक येते, आणि अनेकदा ती चावताना नव्हे, दाब सोडताना येते. गार पाणीही झोंबतं. या लक्षणांना 1964 पासून ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ म्हणतात.

गैरसमज : तडा शोधायला वापरतात तो जांभळ्या प्रकाशाचा कॅमेरा म्हणजे एक्स-रेचाच प्रकार.
वस्तुस्थिती : यात सुमारे 405 नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाश वापरतात, एक्स-रेचा त्यात संबंध नाही. बँकेतल्या दिव्याखाली नोटेवरचे आकडे चमकतात, तसा या प्रकाशात दात स्वतः चमकतो आणि फिल्टरमधून हिरवट दिसतो. तड्यापाशी प्रकाश विखुरतो, म्हणून तिथे काळी रेघ उमटते. फटीत जंतू साठले असतील, तर त्यांच्यातल्या पॉरफिरिनमुळे ती रेघ लालसर दिसते. याला फ्लोरोसन्स इमेजिंग म्हणतात.

गैरसमज : स्क्रीनवर रेघ दिसली, म्हणजे दात गेला.
वस्तुस्थिती : मोठ्या माणसांच्या इनॅमलवर बारीक रेघा असतातच, त्यांना सहसा उपचार लागत नाहीत. दातांवरचा साका लाल चमकतो, मिश्रीचे डाग काळे दिसतात. म्हणून आधी दात स्वच्छ करावे लागतात. हिरडीखालचा किंवा कॅपखालचा तडा या कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यामुळे डॉक्टर दाढेच्या एकेका टोकावर छोटी कांडी ठेवून चावायला लावतात आणि बाजूने झगझगीत प्रकाश टाकतात. वरवरच्या रेघेतून उजेड पलीकडे जातो; खोल तड्यापाशी अडतो आणि पलीकडची बाजू अंधारी राहते. या दोन्ही तपासण्या तालुक्याच्या साध्या दवाखान्यातही होतात. नुसता कॅमेरा नाही म्हणून पुणं गाठायची गरज नाही.

गैरसमज : तडा हाडासारखा भरून येतो.
वस्तुस्थिती : इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे तडा सांधत नाही; चावण्याच्या दाबाने वाढत मात्र जातो. वेळीच कळला तर कॅपने दात आवळून धरता येतो. तडा दातातल्या नसेपर्यंत पोचला तर रूट कॅनल करावं लागतं. दात मुळापर्यंत दुभंगला, तर बहुधा काढावाच लागतो.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘दात दुखतो’ एवढंच सांगू नका. कुठल्या बाजूला, काय चावताना, आणि दाबताना की सोडताना सणक येते, हे सांगा. कॅमेरा कुठे रोखायचा, हे त्यावरूनच ठरतं.