विश्रांतीचा सातबारा

बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दक्षिणेस चंदेरीपासून माथेरानपर्यंत जी डोंगररांग पसरली आहे, तिच्यावर राज्यकर्त्यांची विश्रामदृष्टी प्रथम पडली ती १८५० च्या मे महिन्यात. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाहून माथेरानच्या पठारावर चढले, तेथील झाडीने व हवेने प्रसन्न झाले आणि लवकरच तेथे घर बांधून मोकळे झाले. पाठोपाठ १८५५ साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले व त्यांनीही आपल्या निवासासाठी जागा मुक्रर केली. कल्याणहून बदलापुरावरून खोपोलीकडे जाणारी आगगाडी सुरू झाली ती त्याच्या पुढल्या वर्षी. म्हणजे बदलापूरच्या या खोऱ्यात साहेबाची विश्रांती आगगाडीच्याही आधी पोहोचली. त्या रानात वावरणाऱ्या धनगर, ठाकूर, कातकऱ्यांची संमती कोणी घेतली असेल, असे मानण्यास मन धजत नाही. महाबळेश्वराच्या बाबतीत सर जॉन माल्कम यांनी निदान साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना १८२९ च्या तहान्वये खंडाळा गाव मोबदल्यात तरी दिले होते.

पुढाऱ्याने रीतसर दाम मोजून जागा घ्यावी व तीवर एकांतासाठी घर बांधावे, याचे आपल्याकडील ठळक उदाहरण लोकमान्य टिळकांचे. सिंहगडावर खरेदी केलेल्या जागेवरील त्यांचा बंगला आजही उभा आहे. मात्र ज्या गृहस्थाची विश्रांती म्हणजे लेखन व वाचन, त्याच्या बंगल्याला विलासगृह म्हणणे मला जिवावर येते.

विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात बदलापूर-कल्याणच्या खोऱ्यातील जमिनीचा इतिहास एकाएकी कठोर झाला. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ च्या सुमारास, कल्याणजवळच्या नेवाळी परिसरातील शेते विमानतळासाठी सरकारने ताब्यात घेतली. त्या शेतांवरचा वारसांचा हक्क इतका जिवंत राहिला, की २०१७ च्या जून महिन्यात नौदलाने तेथे भिंत घालावयास घेताच आंदोलन पेटले, मलंगगड रस्त्यावर वाहने जळाली. शेजारच्या कल्याण कॅम्पातील लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. ज्या भूमीकडे राज्यकर्ते विसाव्यासाठी पाहत, तेथेच हजारो कुटुंबे केवळ छपरासाठी आली.

१९४८ च्या कुळकायद्याने जमिनीच्या साऱ्या व्यवहाराचे रूप पालटले. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मानीव खरेदीदार ठरले; अशी जमीन कलेक्टरांच्या परवानगीवाचून विकली जाऊ नये म्हणून कलम ४३ चे बंधन सातबाराच्या इतर हक्कांत नोंदले जाऊ लागले, आणि कलम ६३ ने बिगरशेतकऱ्यास शेतजमिनीची दारेच बंद केली. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की गव्हर्नरास जे सोंग कधी घ्यावे लागले नव्हते ते नव्या राज्यातील धनिकांस व पुढाऱ्यांस घ्यावे लागले : डोंगरपायथ्याशी विसाव्याची जागा हवी असेल, तर आधी दफ्तरी शेतकरी व्हावे, मग शेतघर बांधावे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने शेतघराच्या जोत्याचे माप शेताच्या क्षेत्राशी बांधून दिले. आत नांगर राहतो की पोहण्याचा तलाव, हे पाहण्याचे काम तलाठ्याच्या नजरेवर सोपविले गेले. तलाठी किती वेळा फाटकाच्या आत जातो, हे बदलापूर-कर्जत रस्त्यावरील ग्रामस्थांनी सांगावे!

एकेकाळचे अलाहाबादचे खासदार अमिताभ बच्चन यांनी मावळात पवना धरणाच्या परिसरात जमीन घेतली, तेव्हा शेतकरीपणाच्या पुराव्याचा हा प्रश्न थेट उत्तर प्रदेशातील बाराबंकीच्या महसुली दफ्तरापर्यंत पोहोचला. त्यांच्या नावाची तेथील नोंद २००७ च्या जूनमध्ये फैजाबादच्या महसूल न्यायालयाने बनावट ठरविली; त्याच वर्षाच्या डिसेंबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाने, त्या लबाडीत त्यांचा हात नसल्याचा निर्वाळा देऊन, त्यांना दिलासा दिला. मला त्या प्रकरणात व्यक्तीपेक्षा कायद्याचीच विचित्र स्थिती अधिक उद्‌बोधक वाटते : मावळातील जमीन घेण्याची पात्रता शेकडो कोसांवरील एका खतावणीच्या ओळीवर लोंबकळत होती, आणि पवनेकाठी प्रत्यक्ष कोण कसणार हा प्रश्न गौण ठरला होता.

२०१४ साली कलम ४३ चे बंधनही सैल झाले. खरेदीस दहा वर्षे लोटलेली कुळाची जमीन आता शेतसाऱ्याच्या चाळीसपट नजराणा भरला की परवानगीवाचून विकता येते. आणि शेतसारा तर एकरी काही रुपयांच्याच घरातला! एका पिढीच्या कुळाने कायद्याच्या बळावर मिळविलेले रान त्याच्या नातवाने विकावे की न विकावे, हा त्याचा हक्क आहे, याविषयी वाद नाही. पण त्या हक्काच्या वाटेत कायद्याने उभी केलेली अखेरची चौकी आता एका चलनाच्या रकमेवर आली आहे, आणि ती रक्कम शेतघराच्या फाटकावरील दिव्यांच्या खर्चाहूनही बहुधा कमीच भरेल.