पाटीवरचे सात

साताऱ्याकडच्या ज्या गावात मी इतिहास शिकवतो, तिथल्या देवळाच्या ओवरीत एक दगडी पाटी आहे. १९१४ ते १९१९ या काळात गावातली ४३ माणसं महायुद्धाला गेली, त्यांतली ७ परत आली नाहीत, एवढंच तिच्यावर कोरलंय. नाव एकाचंही नाही. दर रंगकामात तिच्यावर ऑइलपेंटचा एकेक थर चढत गेला आणि अक्षरं बुजत आली. पोरं तिच्याखाली चपला काढतात.

अशा पाट्या आपल्याकडे बऱ्याच गावांत आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण त्या एकाच युद्धात मेले.

वर्गात मी फळ्यावर मोठा आकडा लिहायचो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून जास्त माणसं गेली, सुमारे ७४ हजार मेली. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि पुढची घंटा होईपर्यंत विसरायची. वानखेडे स्टेडियममध्ये साधारण ३३ हजार माणसं बसतात. ते दोनदा गच्च भरलं तरी बाहेर ८ हजार उभी राहतील, असं सांगितलं की थोडा वेळ शांतता पसरायची. पण तीही गर्दीच, आणि गर्दीला चेहरा नसतो.

मग हाती लागलं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ. ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतून दोन्ही महायुद्धांत जे मेले, त्यांतल्या १७ लाख जणांच्या नोंदी तिथे आहेत. त्यांच्या कबरी आणि स्मारकं दीडशेहून अधिक देशांत, सुमारे २३ हजार ठिकाणी विखुरलेली आहेत. एक नाव वाचायला तीन सेकंद धरले, तर ३५ मिनिटांच्या तासात ७०० नावं होतात. १७ लाखांना २,४०० च्या वर तास लागतील. आठवड्याला इतिहासाचे तीन तास आणि वर्षाचे चाळीस आठवडे धरले, तर झाली वीस वर्षं. पाचवीत ही हजेरी ऐकायला बसलेलं पोर तिशीला टेकेल.

आणि हे सगळं फुकट आहे, मोबाइलवर उघडतं. आडनाव, पलटण, मृत्यूची तारीख, कशावरूनही शोधता येतं. कितीतरी हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका आणि शेवटी ‘सातारा, बॉम्बे’ असं लिहिलेलं सापडतं. मी मुलांना पहिल्यांदा पलटणीवरून शोधायला लावतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे अडकल्या होत्या. वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांनी शस्त्रं खाली ठेवली. या पलटणींच्या नोंदींत २९ एप्रिलनंतरच्या तारखा दिसल्या की मी मुलांना विचारतो, लढाई संपली होती, मग ही माणसं कशाने मेली असतील? कैद, उपासमार, रोगराई, वाळवंटातली पायपीट. तो धडा मला शिकवावा लागत नाही, तारखाच शिकवतात.

पण इथेच एक गोष्ट अशी आहे, जी सांगताना आजही माझा आवाज चढतो. इराकमधल्याच बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त जणांची नोंद आहे, आणि त्यांत बहुसंख्य हिंदी. गोऱ्या शिपायाचं नाव तिथे दगडात कोरलं. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा घातला: आणि इतर इतके. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या वॉर ग्रेव्हज आयोगाने मेलेल्यांत हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही, असं तत्त्व मानलं होतं. ते कुठे पाळलं गेलं नाही, याचा अहवाल आयोगाने स्वतःच २०२१ मध्ये काढला. मुख्यतः पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तमधले मिळून किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं नावानिशी नोंदलीच गेली नाहीत, असं त्यात मान्य केलं आहे. आमच्या ओवरीतली पाटी आणि बसऱ्याचा दगड एकाच हिशेबाने घडलेत, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

रायगडकडच्या शिक्षकांनी दुसऱ्या महायुद्धातले नाईक यशवंत घाडगे शोधावेत. माणगाव तालुक्यातला हा बावीस वर्षांचा मराठा पलटणीचा जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. त्याचा पुतळा असलेल्या माणगावच्या तहसील कचेरीवरून रोज जाणाऱ्या मुलांना इटलीचा नकाशा मग परका वाटत नाही.

पंजाबच्या बाबतीत याहून मोठं काम झालंय. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या वह्यांतून ३ लाख २० हजार पंजाबी सैनिकांच्या गाववार नोंदी बाहेर आल्या, आणि २०२१ पासून त्या टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर चढू लागल्या. गेलेले आणि परतलेले, दोन्ही. आपल्याही गावांची अशी यादी व्हावी, असं मला फार वाटतं. पाटीवरच्या ४३ पैकी जे ३६ परत आले, त्यांचं पुढे काय झालं, हे कुणाला ठाऊक आहे?

आमचा शोध गेल्या पावसाळ्यात सुरू झाला. अडचण आली ती स्पेलिंगची. कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. जाधवचा कुठे जाधाव, कुठे जाधो. मराठा तर सगळीकडे ‘महरट्टा’. गावाचं नावही तीन तऱ्हांनी. म्हणून आठवीतल्या पोरांनी फळ्यावर एकेका आडनावाची जितकी रूपं सुचतील तितकी मांडली आणि वाटून घेतली. तिसऱ्या दिवशी एक मुलगी मोबाइल घेऊन धावत आली. “सर, ह्यो आमच्या भावकीतला असंल. बापाचं नाव आमच्या पणज्याच्या चुलत्याचंच हाय.” घरी जाऊन तिने आजीला विचारलं. आजीला एवढंच माहीत होतं की एक जण ‘बसऱ्याला गेला तो गेलाच’.

त्या चार शब्दांना आता पलटण आहे, शिपाई क्रमांक आहे, तारीख आहे.

मुलांनी पाटीवरचा रंग खरवडून काढला, सरपंचांना विचारून. खाली पुठ्ठ्यावर नावं लिहून लावलीत. सातपैकी चार मिळालीत. पुठ्ठ्यावर तीन ओळी रिकाम्या सोडल्यात, आणि सध्या ‘शिंदे’चं अकरावं स्पेलिंग चालू आहे.