मुलांच्या फुलांची पारख

जामनेरच्या काळ्या जमिनींत कापूस आणि केळी उत्तम पिकतात. पण तीच माती कुंडींत भरून झेंडूचें रोप वाढविणें मुलास वाटतें तितकें सोपें नसतें. ही माती पाणी धरून ठेवते, त्यामुळें मुळें कुजतात. आणि वाळली म्हणजे तिला भेगा पडतात. तींत वाळू व शेणखत मिसळावें, रोपानें जोर धरतांच शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून फुलें अधिक येतात.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्यें, १८३० सालीं स्थापन झालेल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीतर्फें, दरवर्षीं जानेवारींत पुष्पप्रदर्शन भरतें. अशा ठिकाणीं नजर साहजिकच मोठ्या फुलाकडे जाते. परंतु मुलांच्या बाबतींत केवळ फुलाचा आकार पाहून बक्षीस दिलें, तर तें पुष्कळदां माळ्याच्या हातास किंवा वडिलांच्या पैशास मिळतें. आणि ज्यानें स्वतः पाणी घातलें, त्याचा हिरमोड होतो.

अमेरिकेंत ओहायो संस्थानांत ए. बी. ग्रॅहम यांनीं १९०२ सालीं मुलामुलींचें मंडळ काढलें. अशाच मंडळांतून पुढें ‘फोर-एच’ चळवळ वाढली. तींत मुलें आपल्या कामाची नोंदवही ठेवतात, आणि परीक्षक तीहि पाहतात.

जामनेरसारख्या गांवीं शाळेच्या उद्यानमंडळास हा मार्ग सहज उचलतां येईल. बीं केव्हां पेरलें, किती रोपें मेलीं, कां मेलीं, हें ज्यानें प्रामाणिकपणें लिहिलें, त्याचें फूल लहान असलें तरी त्याची पाठ आधीं थोपटावी.