आधी विचारा, मग पाठवा



युरोपात साखर होते ती बीटाची. तिथले शेतीधोरण देशोदेशींच्या कृषिमंत्र्यांच्या वाटाघाटींतून घडते. नोव्हेंबर २००५ मध्ये ब्रुसेल्सला त्यांनी साखरेचा आधारभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवायचे ठरविले. बीटवाल्यांच्या पोटावरच पाय!

मंत्री सही करून परतल्यावर संसदेत प्रश्न विचारून काय उपयोग? म्हणून डेन्मार्कने १९७३ पासूनच वेगळी रीत पाडली आहे. महत्त्वाच्या बोलणीआधी मंत्री संसदीय समितीपुढे आपली भूमिका मांडतो, प्रश्नांना उत्तरे देतो. बहुमत विरोधात गेले, तर ती भूमिका घेऊन त्याला जाता येत नाही.

आम्हांस वाटते, ठरावानंतरचा जाब म्हणजे ऊस तुटल्यावर दिलेले पाणी. तेव्हा वार्षिक सभेची विषयपत्रिका आल्याबरोबर वाचा. प्रश्न आधी विचारा, हात मग वर करा.