जुन्या कानशीची नवी पटाशी

● पोलाद : चांगल्या कानशीत सुमारे १ टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो, म्हणून धार टिकते.

● मऊ करणे : लालबुंद तापवून राखेत पुरा. सावकाश निवली की कापता, घासता येते.

● पाणी देणे : घडवलेले पाते पुन्हा लाल करा. लोहचुंबक चिकटेनासे झाले (सुमारे ७७० अंश सेल्सिअस), की किंचित आणखी तापवून कोमट तेलात उभे बुडवा.

● उतार देणे : आता पाते काचेसारखे ठिसूळ असते. घासून चकचकीत करा आणि २०० ते २३० अंशांवर, गवती पिवळा रंग येईपर्यंत तापवा.

● धार : २५ ते ३० अंशांचा कोन.

● मूठ : वाळलेली बाभूळ उत्तम.

● जपा : चष्मा, चामडी हातमोजे आवश्यकच. तेल भडकू शकते, म्हणून धातूचे झाकण जवळ ठेवा.