परीक्षा घरी द्यायची की केंद्रावर जाऊन?

मुलं जरा मोठी झाली, दुपारचे दोन-तीन तास मोकळे मिळू लागले, की आपल्यापैकी पुष्कळजणी पुन्हा पुस्तकाकडे वळतात. कुणी मायक्रोसॉफ्टची एखादी संगणकाची परीक्षा धरते, कुणी हिशेबनीसाच्या अभ्यासक्रमाला नाव घालते. अभ्यास नेटाने होतो. मग फॉर्म भरताना प्रश्न येतो, परीक्षा घरून देणार की केंद्रावर? आणि आपण पटकन ‘घरून’वर बोट ठेवतो. प्रवास नको, मुलांची सोय बघायला नको, कुणाला विचारायला नको!

मैत्रिणींनो, बोट ठेवण्याआधी आपल्याच घराकडे एकदा परीक्षकाच्या नजरेने बघा.

घरची परीक्षा म्हणजे सैल परीक्षा नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षा पिअर्सन व्ह्यू ही संस्था घेते. घरून बसलात तर सुरुवातीलाच ओळखपत्राचा आणि खोलीच्या चारही बाजूंचा फोटो पाठवावा लागतो. टेबल स्वच्छ हवे. वही नको, घड्याळ नको, मोबाइल हाताशी नको. मग कॅमेऱ्यातून निरीक्षकाची नजर असते. प्रश्न पुटपुटत वाचायचा नाही. परवानगीशिवाय कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही. खोलीत दुसरे कुणी आले, तर परीक्षा तिथेच बंद होऊ शकते आणि भरलेली फी बुडते.

आता सांगा, सलग दोन तास ‘आई गं’ अशी हाक न येणारी खोली कितीजणींच्या घरात आहे? पुस्तकी ज्ञानाचा नव्हे, खरा पेच इथे आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईंची परीक्षा छान चालली होती. सासूबाईंना सून दमलेली दिसली म्हणून त्या प्रेमाने चहा घेऊन आत आल्या. झाले! चहा गोड होता, पण परीक्षा गेली. सासूबाईंना बिचाऱ्यांना महिनाभर चुटपुट लागली होती. यात दोष कुणाचा म्हणायचा? घरात बसलेली बाई कामाची आणि बोलायला मोकळी, हीच सगळ्यांची वर्षानुवर्षांची सवय.

दुसरी अडचण यंत्राची. यजमानांचा ऑफिसचा लॅपटॉप घ्यावा, तर परीक्षेचे सॉफ्टवेअर त्यावर बहुधा चालत नाही, कारण ऑफिसने कुलपे घातलेली असतात. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा फिरतो, इंटरनेटचा डबा मात्र झोपतो; तो इन्व्हर्टरला जोडायचे कुणाच्या लक्षातच नसते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की जमत असेल तर केंद्रावर जा. प्रश्न तेच, प्रमाणपत्र तेच. मशीन बिघडले तर तिथे माणूस असतो, आणि ती कटकट तुमच्या डोक्यावर नसते. शिवाय त्या खुर्चीत तुम्ही कुणाच्या आई, सून, वहिनी नसता. फक्त परीक्षार्थी! कऱ्हाडहून पुणे साधारण १६० किलोमीटर. १७ मार्च २०२३पासून एस.टी.त आपल्याला अर्धे तिकीट आहे, त्याचा याहून चांगला उपयोग कुठला? सकाळची वेळ घेऊ नका, दुपारची घ्या. किंवा आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्कामाला जा. मोठे दागिने घरीच ठेवा. पर्स, मोबाइल, घड्याळ बाहेरच्या कपाटात ठेवायला लावतात आणि चष्मासुद्धा हातात घेऊन तपासतात. त्याने बिचकू नका, सगळ्यांनाच तसे करतात.

वारेही आता केंद्राकडे वळू लागले आहे. २०२० साली करोनामुळे घरच्या परीक्षांचे पेव फुटले. पण हिशेबनीसांच्या ‘एसीसीए’ या ब्रिटिश संस्थेने मार्च २०२६पासून अपवाद वगळता घरच्या परीक्षा बंद करायचे ठरवले. नक्कल करण्याच्या युक्त्या फार पुढे गेल्या म्हणून. आपल्या सरकारच्या ‘स्वयं’वरचे एनपीटीईएलचे अभ्यासक्रम घरबसल्या फुकट शिकता येतात, पण प्रमाणपत्रासाठी परीक्षा केंद्रावरच जाऊन द्यावी लागते. घरच्या स्वाध्यायाला २५ गुण, तिथल्या परीक्षेला ७५.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, आणि ती खास आपलीच. नाव! आधारवर सासरचे, पदवीवर माहेरचे, तिसऱ्या कागदावर मधले नाव गायब. फॉर्मवरचे नाव आणि दाखवायचे ओळखपत्र यांत फरक पडला, तर दारातूनच परत यावे लागते. कोणते ओळखपत्र चालते, हे त्या त्या परीक्षेच्या नियमांत आधी वाचा आणि त्यावर आहे तस्सेच नाव फॉर्मवर घाला. पुढे प्रमाणपत्रावरही तेच येणार असते.

आता अंगावरचे मूल आहे, घरात आजारी माणूस आहे, तर केंद्र कसे गाठणार? मग घरूनच द्या, पण तयारीने. ज्या खोलीत, ज्या यंत्रावर परीक्षा द्यायची, तिथेच दोन दिवस आधी संस्थेची चाचणी चालवून पाहा. मोबाइलच्या इंटरनेटवर भिस्त ठेवू नका. मुलांना शेजारी धाडा, कामवाल्या बाईंना वेळ बदलून द्या. सासूबाईंना ‘परीक्षा आहे’ एवढेच सांगू नका. किती वाजेपर्यंत दार उघडायचे नाही, ते घड्याळ दाखवून सांगा. कुकर आधीच उतरवा, दाराची बेल बंद करा, आणि आतून कडी लावून बसा.